आनंदीबाईंची जिवाभावाची माणसे

ठाण्याहून आगगाडीने कल्याणकडे निघाले, की खाडी ओलांडून गाडी मुंब्र्याच्या डोंगराजवळून जाते. मग दिवा, कोपर, डोंबिवली, ठाकुर्ली अशी स्थानके येतात आणि शेवटी कल्याण लागते. आज या वाटेवर घरांची इतकी दाटी झाली आहे, की एक गाव कोठे संपते आणि दुसरे कोठे सुरू होते, हे कळत नाही. दीडशे वर्षांपूर्वी येथे भातखाचरे आणि खाजणे पसरली होती, अधूनमधून लहान लहान गावे होती, आणि त्यांच्यामधून १८५४ साली कल्याणपर्यंत पोचलेला लोहमार्ग गेला होता. त्या काळच्या कल्याणात पारनाक्याजवळच्या एका जुन्या वाड्यात यमुना जोशी नावाची मुलगी वाढत होती. तिचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. पुढे हीच यमुना डॉक्टर आनंदीबाई जोशी म्हणून प्रसिद्धीस आली.

वडील गणपतराव जोशी हे एका काळी वैभवात असलेल्या घराण्यातील होते. यमुनेच्या बालपणी ते वैभव बरेचसे ओसरले होते. तरी घर मोठे होते आणि माणसांचा राबता होता. परंतु भरल्या घरातही एखादे मूल एकटे असू शकते. आईचा स्वभाव फार कडक होता आणि लहानशा चुकीसाठीही यमुनेला मार बसत असे. तिला माया लावली ती आजीने. मुलींनी अक्षरे गिरवावीत, अशी त्या काळी रीत नव्हती. यमुना मात्र जे कानांवर पडेल ते पटकन टिपून घेत असे.

नऊ वर्षे पूर्ण होतात न होतात तोच, १८७४ साली तिचे लग्न झाले. वर गोपाळराव जोशी हे मूळचे संगमनेरचे. ते टपालखात्यात कारकून होते, वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे होते आणि त्यांची पहिली पत्नी वारली होती. वधूला आपण लिहावयास व वाचावयास शिकवू, या गोष्टीला कोणी आड येता कामा नये, अशी त्यांची अट होती. सासरी यमुनेचे नाव आनंदी ठेवण्यात आले.

गोपाळरावांनी शब्द पाळला. पण त्यांची शिकवण्याची तऱ्हा कठोर होती. स्वभाव हेकट, लहरी आणि तापट. धडा झाला नाही म्हणजे ते रागावत, आणि वेळप्रसंगी दहा-अकरा वर्षांच्या त्या मुलीवर हातही टाकीत. पुढे अमेरिकेतून लिहिलेल्या एका पत्रात आनंदीबाईंनी या माराची आठवण त्यांना स्पष्ट शब्दांत करून दिली. आणि त्याच पत्रात, आपण शिकलो ते त्यांच्यामुळेच, हेही मान्य केले. या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि दोन्ही सांगितल्याच पाहिजेत. पत्नीने शिकावे, म्हणून जगाशी भांडणारा दुसरा पुरुष त्या काळच्या कल्याणात सापडला असता, असे वाटत नाही.

नातेवाइकांच्या ढवळाढवळीला कंटाळून गोपाळरावांनी अलिबागेस बदली करून घेतली. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो अवघे दहा दिवस जगला. बाळंतीण स्त्रिया व तान्ही मुले त्या काळी योग्य उपचारांवाचून मरत असत. याचे एक कारण असे, की पुरुष डॉक्टरसमोर जाण्यास स्त्रिया संकोचत, आणि स्त्री डॉक्टर तर देशात नव्हतीच म्हटले तरी चालेल. हा विचार आनंदीबाईंच्या मनात हळूहळू पक्का होत गेला. आपण वैद्यकी शिकावयाची, असे त्यांनी ठरविले.

ठरविणे सोपे होते. अलिबागहून कोल्हापूर, मग मुंबई, भूज आणि कलकत्ता अशा गोपाळरावांच्या बदल्या होत गेल्या आणि प्रत्येक गावी आनंदीबाईंना एकच अनुभव आला. मुंबईत त्या पुस्तके घेऊन शाळेला निघाल्या, की लोक खिडक्यांतून डोकावून पाहत. गाड्यांतून जाणारे गाड्या थांबवीत. कोणी मोठ्याने हसे, कोणी ऐकू जाईल असे टोमणे मारी. ओसरीवर बसलेली प्रतिष्ठित म्हणविणारी मंडळी खडे फेकीत आणि दुकानदार त्यांना पाहून थुंकत. ही वागणूक त्यांना परक्यांकडून मिळाली नाही, तर आपली भाषा बोलणाऱ्या आणि आपलेच सण पाळणाऱ्या लोकांकडून मिळाली. कलकत्त्यास तर ओळखीचे असे कोणी नव्हते. पतीबरोबर रस्त्याने पायी चालणारी स्त्री तेथील लोकांना इतकी विलक्षण वाटे, की त्यांच्याभोवती बघ्यांची गर्दी जमे.

कोल्हापुरात असताना गोपाळरावांना एक कल्पना सुचली होती. अमेरिकेत स्त्रियांसाठी वैद्यकीय शिक्षणाची सोय आहे, असे त्यांनी ऐकले होते. तेव्हा अमेरिकेत परत गेलेल्या वाइल्डर नावाच्या मिशनऱ्यास त्यांनी पत्र लिहिले आणि पत्नीच्या शिक्षणासाठी साहाय्य मागितले. उत्तर आले ते धर्मांतराचा आग्रह धरणारे होते. जोशी पतिपत्नींना ती अट मान्य नव्हती, म्हणून तो विषय तेथेच संपला. मात्र वाइल्डर यांनी तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला होता. ही वरवर क्षुल्लक वाटणारी गोष्ट पुढे फार उपयोगी पडली.

अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात रोझेल नावाचे लहानसे गाव आहे. तेथील थिओडोशिया कार्पेंटर नावाच्या गृहिणी १८८० साली दातांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. आपली पाळी येण्याची वाट पाहत असता वेळ जावा म्हणून त्यांनी समोर पडलेले एक जुने मासिक उचलले, आणि त्यांना ते पत्र दिसले. हजारो कोसांवरची कोणी एक मुलगी डॉक्टर होऊ इच्छिते आणि तिला कोणाचाच आधार नाही, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली. त्यांनी घरी जाऊन आनंदीबाईंना पत्र लिहिले. पंधरा वर्षांच्या आनंदीबाईंनी इंग्रजीत उत्तर धाडले आणि दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला.

मुलांनो, आज सातासमुद्रापलीकडच्या माणसाशी क्षणात बोलता येते. त्या काळी एका पत्राचे उत्तर येण्यास महिने लागत. तरीही या दोघींनी एकमेकींना जवळजवळ तीन वर्षे नेमाने पत्रे लिहिली. सण कसे साजरे करतात, जेवणात काय असते, लग्ने कशी होतात, देवाविषयी काय वाटते, अशा नाना गोष्टी त्या पत्रांत असत. आनंदीबाई श्रीमती कार्पेंटर यांना मावशी मानू लागल्या. आनंदीबाईंना वरचेवर डोकेदुखी, ताप व अशक्तपणा येई, हे कळताच मावशींनी अमेरिकेहून औषधे पाठविली. औषधांचा गुण आला नाही, पण पाठविणारीची माया पोचली. आपल्या गावात जिला रस्त्याने चालणे कठीण झाले होते, तिची वाट पाहणारे एक घर आता पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला होते.

जाण्याची वेळ आली तेव्हा आणखी एक अडचण उभी राहिली. गोपाळरावांना रजा मिळेना आणि दोघांच्या प्रवासाला पैसाही पुरेना. तेव्हा आनंदीबाईंनी एकटीने जावे, असे ठरले. अठरा वर्षांची हिंदू स्त्री एकटी समुद्र ओलांडणार, ही वार्ता पसरताच चहूकडून टीका होऊ लागली. हिंदूंना ती धर्म बुडविते असे वाटले, तर ख्रिस्ती मंडळींना तिने आधी ख्रिस्ती व्हावे असे वाटले.

या सर्वांना उत्तर देण्यासाठी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाईंनी बंगालमधील श्रीरामपूर येथील कॉलेजच्या सभागृहात इंग्रजीत भाषण केले. (हे श्रीरामपूर आपल्या अहिल्यानगरकडचे नव्हे, तर हुगळी नदीच्या काठावरचे.) मी अमेरिकेस का जाते, येथेच का शिकत नाही, एकटी का जाते, परत आल्यावर जात मला वाळीत टाकील काय, असे लोकांच्या मनातले प्रश्न त्यांनी स्वतःच मांडले आणि एकेकाचे शांतपणे उत्तर दिले. रस्त्यात झालेली विटंबनाही त्यांनी लपवून ठेवली नाही. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ. आपले अन्न, आपला पोशाख आणि आपले आचार सोडणार नाही, असे त्यांनी निक्षून सांगितले. आपल्याला वाळीत टाकावयाचेच असेल, तर परत येण्याची वाट कशाला पाहता, आताच का टाकीत नाही, असा त्यांचा रोकडा सवाल होता.

या भाषणाचा परिणाम मोठा झाला. निंदा करणारे थोडे गप्प झाले आणि जे आतापर्यंत दूर उभे राहून पाहत होते, त्यांच्यापैकी काही जण मदतीस पुढे आले. टपालखात्याच्या मुख्य अधिकाऱ्याने एक निधी उभारला आणि खुद्द व्हाइसरॉयने त्यात दोनशे रुपये दिले. बाकीची रक्कम अंगावरचे दागिने विकून उभी करावी लागली. ७ एप्रिल १८८३ रोजी आनंदीबाई कलकत्त्याहून आगबोटीने निघाल्या. शाकाहारी माणसाला त्या बोटीवर खाण्यासारखे फारसे काही नव्हते. बटाट्यांवर त्यांनी कित्येक दिवस काढले. ४ जून रोजी बोट न्यूयॉर्कला लागली. धक्क्यावर मावशी स्वतः त्यांना घेण्यास आल्या होत्या. एकमेकींचे तोंड त्या तेव्हा प्रथमच पाहत होत्या.

तो उन्हाळा आनंदीबाईंनी रोझेलच्या घरात काढला. ज्यांनी आसरा दिला, त्या मावशी ख्रिस्ती होत्या. परंतु आनंदीबाईंनी कुंकू पुसावे, साडी सोडावी किंवा ताटातले अन्न बदलावे, असा आग्रह त्यांनी धरला नाही. उलट, घरातील मुली या पाहुणीकडून मराठी चालीरीती शिकू लागल्या. आनंदीबाईंनी एके दिवशी शेजारच्या बायकामुलींना बोलावून त्यांना साड्या नेसविल्या, कुंकू लावले आणि आपल्या पद्धतीने जेवू घातले. मदत पुष्कळ जण करतात. मदत करताना समोरच्याला तो आहे तसा राहू देणे मात्र फार थोड्यांना साधते.

फिलाडेल्फिया शहरात स्त्रियांचे एक वैद्यकीय महाविद्यालय होते. त्याची स्थापना १८५० साली झाली होती, आणि जगातील अशा प्रकारच्या अगदी पहिल्या संस्थांमध्ये त्याची गणना होते. प्रवेशासाठी आनंदीबाईंनी अर्ज केला. आपले वय, आपले तुटपुंजे शिक्षण आणि आपला हेतू त्यांनी त्यात साधेपणाने मांडला होता. महाविद्यालयाने त्यांना प्रवेश दिला आणि तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्तीही दिली. तेथील प्रमुख डॉ. रेचेल बॉडली या रसायनशास्त्राच्या विदुषी होत्या. त्यांनी या परदेशी विद्यार्थिनीकडे विशेष लक्ष पुरविले.

तरीही तेथील दिवस सुखाचे होते, असे समजू नये. हिवाळ्यात बर्फ पडे. खोलीतील शेगडीची धुराडी नीट नव्हती. ती पेटवावी तर खोलीभर धूर होई आणि न पेटवावी तर थंडीने हातपाय गारठत. नऊवारी साडीत पोटऱ्या उघड्या राहत, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीची साडी नेसण्यास आरंभ केला. दिवसभर व्याख्याने व शवविच्छेदन आणि त्यानंतर स्वतःचा शाकाहारी स्वयंपाक, असा त्यांचा क्रम होता. प्रकृती तर आधीपासूनच नाजूक होती. अशा वेळी रोझेलची पत्रे येत, आणि सुट्टी लागली की मावशींकडे जाता येई.

महाविद्यालयातही त्या एकट्या नव्हत्या. जपानहून आलेली केई ओकामी आणि सीरियातील दमास्कसहून आलेली साबात इस्लामबूली या त्यांच्या सोबतिणी होत्या. १८८५ साली काढलेले तिघींचे एक छायाचित्र आजही उपलब्ध आहे. त्यात प्रत्येकीने आपापल्या देशाचा पोशाख केलेला आहे आणि आनंदीबाई साडीत बसलेल्या आहेत. तिघींची भाषा वेगळी, धर्म वेगळा आणि अन्नही वेगळे. परंतु आपल्या देशातील स्त्रियांना औषधपाणी मिळावे, ही तळमळ सारखीच होती. त्याच वर्षी गोपाळरावही अमेरिकेस येऊन पोचले.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली. प्राचीन हिंदू समाजातील प्रसूतिशास्त्र या विषयावर त्यांनी प्रबंध लिहिला होता. समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम आल्या होत्या. त्या आनंदीबाईंच्या दूरच्या नात्यातील होत. रमाबाईंनी धर्मांतर केले होते आणि आनंदीबाई आपल्या धर्मात राहिल्या होत्या. पण त्यामुळे त्यांच्या स्नेहात अंतर पडले नाही. मावशी, गुरू आणि बहीण यांच्या देखत वीस वर्षांची ही कल्याणची कन्या डॉक्टर झाली. वैद्यकाची पाश्चात्त्य पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्यांचे नाव घेतले जाते.

कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांना देऊ केली. ज्या कोल्हापुरात पूर्वी लोक त्यांच्याकडे पाहून हसत, त्याच कोल्हापूरचे हे बोलावणे होते. परंतु क्षयाने त्यांचे शरीर पोखरले होते. ऑक्टोबर १८८६ मध्ये त्या पतीसह अमेरिकेहून निघाल्या. परतीच्या वाटेवर दुखणे वाढत गेले. १६ नोव्हेंबरला बोट मुंबईस लागली.

लोक आता कसे वागतील, ही शंका सर्वांच्या मनात होती. पण मुंबईत त्यांचे आदराने स्वागत झाले. पुढे उपचारांसाठी पुण्यास नेल्यावर तेथेही त्यांना पाहण्यास माणसे येत राहिली. त्यांत सुधारक होते, तसे जुन्या वळणाचे लोकही होते. परदेशगमनाबद्दल त्यांना कोणी वाळीत टाकले नाही. समाजाचे मन पालटू लागले होते. पण त्याला उशीर झाला होता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावे वर्ष पूर्ण होण्याच्या आतच, डॉक्टर आनंदीबाई पुण्यात निवर्तल्या. एकाही रोग्याला कोल्हापूरच्या त्या रुग्णालयात त्यांचा हात लागू शकला नाही. अंत्यसंस्काराला भटजी हरकत घेतील, अशी भीती आप्तेष्टांना वाटत होती. परंतु सारे विधी कोणताही आक्षेप न येता पार पडले.

ही दुःखद बातमी समुद्रापलीकडे पोचली, तेव्हा पंडिता रमाबाई अमेरिकेतच होत्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर त्या एक पुस्तक लिहीत होत्या. त्याच वर्षी ते प्रसिद्ध झाले. त्याची प्रस्तावना डॉ. बॉडली यांनी लिहिली आणि तीत आपल्या दिवंगत विद्यार्थिनीचे चरित्र सांगितले. हे पुस्तक वाचून आणि रमाबाईंची व्याख्याने ऐकून अमेरिकेतील अनेक स्त्रीपुरुष एकत्र आले. विधवांच्या शिक्षणासाठी भारतात एक गृह चालावे, म्हणून दहा वर्षे पैसा पुरविण्याचे त्यांनी मान्य केले. त्यातूनच ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. आनंदीबाईंना पदवी मिळाली त्याला त्या दिवशी बरोबर तीन वर्षे झाली होती. शारदासदनात अगदी आरंभी आलेल्या मुलींत गोदूबाई नावाची एक बालविधवा होती. पुढे धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला, तेव्हा तिचे नाव आनंदी असेच ठेवण्यात आले.

गोपाळरावांनी आनंदीबाईंच्या अस्थी आगबोटीने मावशींकडे पाठविल्या. पूकिप्सी नावाच्या गावी न्यूयॉर्क राज्यात कार्पेंटर कुटुंबाची स्मशानभूमीत जागा होती. आपल्या घरच्या माणसांसाठी राखलेल्या त्या जागेत मावशींनी या अस्थी पुरल्या आणि त्यांवर आनंदीबाईंच्या नावाचा दगड उभा केला. तो दगड आजही तेथे आहे. शिक्षणासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, अशा अर्थाचा मजकूर त्यावर कोरलेला आहे आणि आजूबाजूला कार्पेंटर कुटुंबातील माणसांच्या समाधी आहेत.